एका अँटेनात दोन बिऱ्हाडं

फोनच्या आत काय काय कोंबलेलं असतं यावर मागच्या महिन्यात थोडं लिहिलं होतं, आणि त्यात जाता जाता म्हटलं होतं की बऱ्याच फोनमध्ये जीपीएसला स्वतःची अँटेनासुद्धा मिळत नाही, वायफायच्या अँटेनावर भागवावं लागतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पाच निवडली आहेत, लांबड लागली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: मी मोबाईल रिपेअरिंगचा कोर्स करतोय. सरांनी एका फोनचा सर्किट डायग्राम दाखवला त्यात जीपीएस आणि वायफाय-ब्लूटूथ एकाच अँटेना पॉईंटला जाऊन मिळतात, मध्ये फक्त एक छोटासा चौकोन काढलाय. एवढ्या महागड्या फोनमध्ये अजून एक पत्ती टाकायला यांचं काय जातं? हा कंजूसपणाच ना? (एक विद्यार्थी, दादर)

उत्तर: मित्रा, पत्ती फुकटात मिळेल रे, जागा मिळत नाही, आणि जागेचं दुखणं मुंबईकराला मी काय सांगू. जीपीएसची मुख्य फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे लाटेची लांबी साधारण १९ सेंटीमीटर, आणि साधी अँटेना नीट चालायची तर तिला पाव लाट तरी लांबी लागते, म्हणजे पावणेपाच सेंटीमीटर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला हीच पाव लाट ३ सेंटीमीटरची. आता तुझ्याच फोनची कड बघ, त्यात फोर-जी फाईव्ह-जीच्या चार-पाच अँटेना, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचं भोक, आणि प्रत्येक अँटेनाभोवती थोडी मोकळी जागा सोडावी लागते नाहीतर शेजारचा धातू तिचा सूर बिघडवतो. दोन अँटेना खेटून बसवल्या तर वेगळ्या असून नसल्यासारख्या, एकीत सोडलेलं दुसरीत शिरतं. मग डिझाईन करणारा म्हणतो की एकच पत्ती घेऊ आणि तिला असं वाकवू की ती १५७५ लाही वाजेल आणि २४५० लाही. २०१० च्या आयफोन ४ मध्ये बाहेरच्या स्टीलच्या कडेचा एक तुकडाच जीपीएस, वायफाय आणि ब्लूटूथ या तिघांची अँटेना होता, म्हणजे ही काही स्वस्त फोनची युक्ती नाही.

तुला दिसलेला तो चौकोन म्हणजे डायप्लेक्सर. दादर स्टेशनचा पूल डोळ्यासमोर आण, सगळी गर्दी वर एकत्र, पण कुणी वेस्टर्नचा जिना उतरणार आणि कुणी सेंट्रलचा. डायप्लेक्सर तेच करतो, १५७५ च्या आसपासचं जीपीएसच्या जिन्याने आणि २४०० च्या वरचं वायफायच्या जिन्याने. दोघं एकाच वेळी चालू शकतात, कुणी थांबायची गरज नाही. काही ठिकाणी डायप्लेक्सरऐवजी साधा स्विच वापरून आळीपाळीने अँटेना देता येते, पण जीपीएसला ते मानवत नाही कारण त्याला उपग्रहाचा धागा सतत धरून ठेवायचा असतो, मधे एखादा मिलिसेकंद आवाज बुडाला तर चालतं, सेकंदसेकंद गायब झालास तर तो पुन्हा शोधाशोध करत बसतो.

आता खरी मेख ऐक. पुलावरून जाताना थोडा घाम निघतोच, तसं डायप्लेक्सरमध्ये थोडा सिग्नल जिरतो, समज अर्धा डेसिबल. ऐकायला किरकोळ, पण अर्धा डेसिबल म्हणजे साधारण ११ टक्के पॉवर गेली. वायफायला याचं काहीच वाटत नाही. जीपीएसला वाटतं, कारण उपग्रह २०,२०० किलोमीटर वर आणि जमिनीवर पोचेपर्यंत उरतं किती, तर एका वॅटचे एक कोटी तुकडे कर, त्यातला एक तुकडा उचलून त्याचे पुन्हा शंभर कोटी तुकडे कर, त्यातला एक. हा सिग्नल रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीच्याही खाली असतो, तो सापडतो कारण उपग्रहाचा कोड आधीच ठाऊक असतो, दर मिलिसेकंदाला तेच १०२३ ठोके. विसर्जनाच्या गोंगाटात आपल्या पथकाचा ठेका पाठ असलेल्याला तो लांबूनही ओळखू येतो, तसं.

म्हणून जीपीएसच्या लाईनवर पहिला ॲम्प्लिफायर, ज्याला आपण एलएनए म्हणतो, तो कुठे बसलाय हे आधी बघायचं. त्याच्या आधी जे जिरलं ते गेलं, पुढे कितीही वाढवलंस तरी खरखरही सोबत वाढते. त्याच्यानंतर मात्र दोन-तीन डेसिबल गेले तरी फारसं बिघडत नाही. मग तू विचारशील की एलएनए डायप्लेक्सरच्या आधीच का नाही लावत, अँटेनाला चिकटून, आणि वाटणी नंतर? दोन्ही बिऱ्हाडं नुसती ऐकणारी असती तर तेच बरं पडलं असतं. पण वायफाय बोलतं पण, आणि तेही पन्नास-शंभर मिलिवॅटने, त्याच पत्तीतून. बोलायचं म्हणजे पॉवर उलटी बाहेर जाणार, आणि एलएनए तर एकाच दिशेचा रस्ता, वर तोंडाशी एवढी आरडाओरड झाली की तो बधिर होतो. म्हणून आधी वाटणी, मग जीपीएसच्या जिन्यावर एक सॉ फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टीच आत सोडणारा छोटासा पार्ट, मग एलएनए, आणि बरेचदा त्याच्यामागे अजून एक फिल्टर.

अजून एक गोष्ट, कोर्समध्ये सांगतात की नाही माहीत नाही. वायफायचा ॲम्प्लिफायर २४०० ला बोलतो पण त्याची थोडी कुजबुज १५७५ ला पण सांडते. ती जीपीएसच्या फिल्टरने अडवता येत नाही कारण ती बरोब्बर जीपीएसच्याच फ्रिक्वेन्सीवर आहे, घरातल्याच माणसाचे कपडे घालून चोर आला तर वॉचमन काय करणार. ती वायफायच्या जिन्यावरच अडवावी लागते. त्यामुळे रिपेअर करताना वायफायच्या बाजूचा फिल्टर उडालाय म्हणून कुणी तिथे जंपर मारून, म्हणजे फिल्टर काढून नुसती तार जोडून देतं ना, वायफाय मस्त चालतं आणि गिऱ्हाईक दोन दिवसांनी जीपीएसची तक्रार घेऊन येतं. जंपर मारू नकोस एवढंच.

प्रश्न: मी डिलिव्हरीचं काम करतो, लोअर परळ-वरळी साईडला. दोन फोन आहेत, एकाचा हॉटस्पॉट लावून दुसरा चालवतो. हॉटस्पॉटवाल्या फोनचा मॅप येडा झालाय, मी सेनापती बापट मार्गावर आणि ठिपका रुळांच्या पलीकडे. एका दुकानात सांगितलं अँटेना गेली, नऊशे रुपये. बदलू का? (एक रायडर, करी रोड)

उत्तर: भावा थांब, नऊशे रुपये खिशातच ठेव. माझा पहिला संशय तुझ्या फोनवर नाही, तुझ्या एरियावर आहे. गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिलेत त्यांच्या काचांवरून सिग्नल आपटून येतो, रिसीव्हरला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि ठिपका उडी मारतो. जुन्या एल१ सिग्नलच्या, म्हणजे त्याच १५७५.४२ वाल्याच्या, कोडचा एक ठोका अंतरात मोजला तर २९३ मीटरचा, नवीन एल५ चा त्याचा दहावा भाग, २९ मीटर, ठोका आखूड तेवढा आपटून आलेला सिग्नल वेगळा ओळखता येतो, त्यामुळे दोन्ही ऐकणारे फोन असल्या गल्लीबोळात बरे चालतात, २०१८ च्या शाओमी मी ८ पासून असे फोन बाजारात आहेत. तुझा जुना असेल तर टॉवरमधला नाच अँटेना बदलून थांबणार नाही.

पण तू हॉटस्पॉटचं लिहिलंयस म्हणून माझे कान टवकारले. हॉटस्पॉट म्हणजे फोन एकाच वेळी दोन ठिकाणी बोलतोय, टॉवरशी आणि तुझ्या दुसऱ्या फोनशी. आता हा हिशोब कर, फोन टॉवरशी ८५० च्या बँडवर बोलत असेल तर ते ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्झ. वायफायचा चॅनल एक २४१२ ला. २४१२ मधून ८३६.५८ वजा कर. १५७५.४२. बरोब्बर जीपीएस! दोन मोठे आवाज एखाद्या ॲम्प्लिफायरमध्ये, स्विचमध्ये, कधीकधी नुसत्या गंजलेल्या स्प्रिंगच्या टोकावर एकत्र आले की त्यांची वजाबाकी तिथेच जन्माला येते आणि मग ती कुठल्याच फिल्टरला ऐकत नाही. हे फोन बनवणाऱ्यांना चांगलं माहीत आहे आणि चांगल्या फोनमध्ये ते सांभाळलेलं असतं, पण फोन एकदा पडला, किंवा उघडून बंद करताना एक स्क्रू राहिला, की सांभाळलेलं सुटतं.

तर असं कर. सकाळी शिवाजी पार्कच्या मैदानात मध्यभागी जा, उपग्रहांच्या दांड्या दाखवणारं कुठलंही फुकट ॲप टाक, आणि हॉटस्पॉट बंद ठेवून पाच मिनिटं आकडे बघ, म्हणजे कुठल्या उपग्रहाचा सिग्नल किती जोरात येतोय ते. उघड्या आकाशाखाली तीन-चार उपग्रह तरी चाळिशीत दिसायला हवेत. मग हॉटस्पॉट चालू कर, दुसऱ्या फोनवर व्हिडिओ लाव म्हणजे तो खरोखर बोलेल, आणि परत पाच मिनिटं बघ. आकडे सगळेच्या सगळे पाच-सहाने पडले तर दोष फोनच्या आत आहे, हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर टाकून बघ, बहुतेक तिथेच सुटेल, फुकटात. आकडे दोन्ही वेळा सारखेच चांगले असतील तर फोन ठीक आहे, लोअर परळ वाईट आहे. आणि दोन्ही वेळा विशी-पंचविशीतच रखडले तर मग अँटेनाची स्प्रिंग, मागचं कव्हर, स्क्रू हे बघायला सांग, तेही आधी साफ करून बघ म्हणावं, बदलायचं नंतर. एक विसरलो, मॅग्नेटवाल्या होल्डरसाठी फोनच्या मागे लोखंडी पत्रा चिकटवलायस का? तो आधी काढ.

प्रश्न: आपलं स्वतःचं नाविक आहे, म्हणजे भारताचं जीपीएस, तर ते सगळ्या फोनमध्ये का नाही दिसत? इस्रोने अँटेनाचा विचार केला नव्हता का? (बारावीतली एक वाचक, मुलुंड)

उत्तर: विचार होता गं, पण तो फोनचा नव्हता. पहिल्या पिढीचे नाविक उपग्रह दोन जागी बोलतात, एल५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ आणि एस बँड म्हणजे २४९२ च्या थोडं वर. वरचा दादरवाला पूल वाचलास ना, त्यात १५७५ आणि २४०० मधे ऐसपैस अंतर होतं म्हणून वाटणी सोपी. आता वायफायची पट्टी संपते २४८३.५ ला आणि नाविकचा एस बँड त्याच्या जेमतेम साडेआठ मेगाहर्ट्झ पुढे, म्हणजे एकाच जिन्यावरच्या दोन पायऱ्या. तिथे फिल्टर बनवायचा, तोही छोटा आणि स्वस्त, आणि त्याच फोनमध्ये वायफाय बोलत असताना उपग्रहाची कुजबुज ऐकायची, हे फोनमध्ये फारच अवघड. म्हणून ज्या फोनमध्ये नाविक आहे ते एल५ वर चालतं. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून नवीन उपग्रहांवर एल१ आला, १५७५.४२, म्हणजे ज्या पत्तीवर जीपीएस ऐकू येतं त्याच पत्तीवर नाविकसुद्धा, नवीन अँटेना नको की नवीन जिना नको. हे आधी केलं असतं तर बरं झालं असतं असं माझं मत, पण असो.

प्रश्न: आमची बोट वेसाव्यातून जाते. बाहेर गेल्यावर नेटवर्क नसतं, तरी फोनमधलं जीपीएस चालतं म्हणतात ते खरं का? आणि बोटीवर बोलायचा व्हीएचएफ वायरलेस सेट आहे, त्याची अँटेना चांगली उंच आहे, तिच्याच वायरीला टी मारून जीपीएसचं मशीन जोडलं तर? पोरगा म्हणतो फोनमध्ये चालतं तर इथे का नाही. (वेसाव्याहून एक नाखवा)

उत्तर: नाखवा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: टी मारू नका. पोराचा प्रश्न मात्र झकास आहे. फोनमध्ये चालतं कारण तिथे मधे डायप्लेक्सर आणि फिल्टर आहेत आणि बोलणारा एक दशांश वॅटचा. तुमचा व्हीएचएफ २५ वॅटने बोलतो, नुसत्या टी मधून ते सरळ जीपीएसच्या तोंडात जाईल आणि मशीन कायमचं जाईल. शिवाय व्हीएचएफची उंच काठी १५६ मेगाहर्ट्झसाठी कापलेली, आकाशातून येणारं १५७५ चं ऐकायला ती बनवलेलीच नाही. आणि जीपीएसची जी मशरूमसारखी अँटेना असते तिच्या आतच एलएनए असतो, त्याला लागणारी वीज मशीनकडून त्याच केबलमधून वर जाते, ती वीज चुकीच्या जागी शॉर्ट झाली तर ते वेगळंच. मशरूमला वेगळी केबल द्या आणि काठीपासून निदान मीटरभर लांब, वर मोकळं आकाश दिसेल अशी बसवा. बोलणाऱ्याचं थोडंसं त्याच्या दुप्पट-तिप्पट अशा पटीतल्या फ्रिक्वेन्सींवरही सांडतं, आणि व्हीएचएफ १५७.५ च्या आसपास बोलला तर त्याची दसपट नेमकी जीपीएसवर येते, म्हणून अंतर.

पहिलं, हो, चालतं. फोनमधलं जीपीएस फक्त ऐकतं, त्याला नेटवर्क लागत नाही. नेटवर्क असलं की उपग्रह कुठे आहेत ही यादी इंटरनेटवरून पटकन मिळते, नसलं तर ती उपग्रहाकडूनच ऐकून घ्यावी लागते आणि उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट सांगतो, एका उपग्रहाची माहिती पूर्ण मिळायला अर्धा मिनिट, आणि बोट हलत असताना मधे तुटलं की परत पहिल्यापासून. म्हणून बंदर सोडायच्या आधी मॅप डाउनलोड करा आणि ठिपका बसेपर्यंत ॲप उघडं ठेवा. आणि फोन आहे म्हणून बोटीवरचं मशीन घरी ठेवू नका.

प्रश्न: माझ्या आधीच्या फोनमध्ये हेडफोनची वायर खुपसली की रेडिओ लागायचा, स्वैपाक करताना विविध भारती ऐकायचे. नव्या फोनला ते भोकच नाही. मुलगा म्हणतो ॲपवर ऐक, पण ते मधेच गोल गोल फिरतं आणि डेटा खातं. माझा प्रश्न, आतमध्ये जीपीएसची अँटेना आहेच ना, मग रेडिओला तीच का नाही देत? (एक काकू, गिरगाव)

उत्तर: काकू, या सगळ्या पत्रांत मला तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण तुम्ही जे सुचवताय ते होऊ शकतं, आणि वायफायच्या भांडणापेक्षा ते सोपं आहे.

अडचण आधी सांगतो. एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतं, तिथली लाट तीन मीटरची, पाव लाट म्हणजे पाऊण मीटर. हेडफोनची वायर साधारण एवढीच किंवा थोडी जास्त, म्हणून ती अँटेना म्हणून इतकी छान चालायची. जीपीएसची पावणेपाच सेंटीमीटरची पत्ती एफएमसाठी म्हणजे बादलीच्या जागी चमचा. पण एफएमचं स्टेशन काही २०,००० किलोमीटरवर नाही, मुंबईतच आहे, आणि दणकून बोलतं. चमच्यानेही पाणी मिळतं, फक्त त्या चमच्याला शोभेलसा ॲम्प्लिफायर लागतो, कारण एवढी आखूड पत्ती एफएमला अँटेना वाटतच नाही, एखादा छोटा कपॅसिटर वाटतो.

आणि वाटणी? १०० आणि १५७५ मध्ये जवळजवळ सोळा पटीचा फरक, इथे दादरचा पूलही नको, नुसता एक दरवाजा आणि एक खिडकी पुरते. जीपीएसच्या वाटेवर दोन पिकोफॅरडचा कपॅसिटर ठेवला तर १५७५ ला त्याचा अडथळा ५० ओहम आणि १०० ला ८०० ओहम. एफएमच्या वाटेवर १०० नॅनोहेन्रीची कॉइल ठेवली तर १०० ला ६३ ओहम आणि १५७५ ला हजाराच्या घरात. म्हणजे दोघं आपापल्या वाटेने जातात, दुसऱ्याच्या दारात डोकावत नाहीत. हा पुस्तकी हिशोब झाला, खऱ्या कॉइलचं वागणं एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला बदलतं आणि मॅचिंगला अजून दोन-चार पार्ट लागतात, पण मूळ युक्ती एवढीच. दोघंही फक्त ऐकणारे, कुणी बोलत नाही, म्हणून ती एलएनएची कटकटही कमी.

मग का देत नाहीत, तर माझ्या मते अडचण तंत्राची कमी आणि इच्छेची जास्त. वायफाय-ब्लूटूथच्या कितीतरी चिपमध्ये एफएम रिसीव्हर आतच असायचा आणि कंपनीने तो चालू केलेला नसायचा. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईलवाल्यांना सांगितलं पण होतं की ज्यात एफएम आहे त्यात ते बंद करून ठेवू नका, पूर-वादळात नेटवर्क गेलं तरी रेडिओ चालतो म्हणून. २६ जुलै २००५ ला घरी आलेले सगळे मुंबईकर याला हो म्हणतील.

आणि काकू, तुमच्या लक्षात आलं नसेल पण एका वायरीवर दोन बिऱ्हाडं तुम्ही कितीतरी वर्षं नांदवलीत. ती हेडफोनची वायर गाणं कानात आणायची आणि त्याच वेळी तेच गाणं हवेतून पकडून फोनमध्ये न्यायची. आवाज जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झचा, एफएम १०० मेगाहर्ट्झचं, पाच हजार पटीचा फरक, त्यामुळे एक छोटासा फेराइटचा मणी आणि एक कपॅसिटर एवढ्यावर भागायचं.

आता तुमच्यापुरतं सांगतो. नवा फोन आहे तसा राहू दे. टाईप-सीच्या भोकात लावायचा कनेक्टर आणून रेडिओ लागेल अशी आशा धरू नका, त्या वायरीतून आतल्या रेडिओपर्यंत रस्ता असेलच असं नाही, आणि मुळात आत रेडिओ असायला हवा. जुना फोन कपाटात असेल तर तो चार्ज करा, सिम नको काही नको, कुठलाही जुना हेडफोन खुपसा, एका कानाने बहिरा झालेला असला तरी चालेल, आणि रेडिओ उघडून आवाज स्पीकरवर टाका. वायर खिडकीच्या गजावर लोंबकळत ठेवा, गुंडाळून नाही. पाणी लागणार नाही एवढं बघा.